छातीत अडकलेली हवा कानाने पकडणारा डॉक्टर: रेने लेनेक आणि फुफ्फुस कोलॅप्स होण्यामागचं विज्ञान

मी इथे एरवी फोनमधल्या चिप, कॅमेरा आणि बॅटरीबद्दल लिहितो. आज मात्र एका अशा गॅजेटबद्दल लिहितोय, ज्याला चार्जर लागत नाही, अपडेट लागत नाही आणि जे दोनशेपेक्षा जास्त वर्षं झाली तरी जगभरातल्या डॉक्टरांच्या गळ्यात लटकतंय. स्टेथोस्कोप. आणि सोबत तो बनवणाऱ्या माणसाची, रेने लेनेक यांची गोष्ट.

ही गोष्ट आताच सांगण्याचं कारण आहे. फुफ्फुस कोलॅप्स होणं, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत न्यूमोथोरॅक्स, हा आजार छातीवर नेमका कसा ओळखायचा हे लेनेक यांनी जगाला नीट समजावून सांगितलं. आणि या आजाराचा एक प्रकार म्हाताऱ्यांना सोडून तुमच्या-माझ्या ओळखीतल्या पोरांनाच गाठतो. उंच, सडपातळ, वय पंधरा ते तीस, बऱ्याचदा सिगारेट ओढणारा. असा एखादा मित्र तुमच्या ग्रुपमध्ये नक्की असेल. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी समजून घेऊ: फुफ्फुस कोलॅप्स होतं म्हणजे काय?

फोनला टेम्पर्ड ग्लास लावताना मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की काय होतं? तेवढ्या जागी काच स्क्रीनला चिकटतच नाही. फुफ्फुसाचंही जवळपास असंच आहे.

फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या आतल्या भिंतीवर दुसरं. दोघांच्या मध्ये अगदी थोडासा द्रव असतो. दोन ओल्या काचा जशा एकमेकींवर सरकतात पण सहज सुट्या होत नाहीत, तशी ही आवरणं एकमेकांवर सरकत राहतात. फुफ्फुस स्वभावाने रबरासारखं, त्याला कायम आकसायचं असतं. छातीचा पिंजरा त्याला बाहेर ओढून धरतो. या ओढाताणीमुळे मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो आणि फुफ्फुस फुगलेलं राहतं.

आता या मधल्या जागेत हवा शिरली तर? पकड सुटते आणि फुफ्फुस आकसतं. कधी थोडं, कधी पूर्ण. माणूस छाती फुगवतो, पण त्या बाजूचं फुफ्फुस सोबत फुगत नाही.

गंमत बघा, हवा शरीराला हवीच असते. अडचण फक्त एवढीच की ती चुकीच्या कप्प्यात गेलेली असते. आणि ती दिसत नाही. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली. त्याच्या कितीतरी आधी जिवंत माणसाच्या छातीत ही हवा ओळखायची कशी, हा प्रश्न होता. इथे आपला हिरो येतो.

क्षयाच्या सावलीतलं बालपण

रेनेचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ चा, फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या कँपेर गावातला. तो लहान असतानाच आई गेली. आजार होता क्षय, म्हणजे टीबी. वडील वकील होते, पण मुलांना सांभाळणं त्यांना काही जमलं नाही. शेवटी रेनेला नाँत शहरात काकांकडे पाठवलं गेलं. काका गियोम लेनेक तिथले नावाजलेले डॉक्टर. पोराला वैद्यकीची गोडी लागली ती त्यांच्यामुळे.

तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. काकांचं घर ज्या चौकात होतं, त्याच चौकात गिलोटिन उभं होतं. ज्या वयात आपण खिडकीतून क्रिकेटची मॅच बघतो, त्या वयात या मुलाच्या खिडकीसमोर माणसांची डोकी उडवली जात होती.

१८०१ साली, वीस वर्षांचा असताना, तो पॅरिसला आला आणि शारिते हॉस्पिटलमध्ये कॉर्विझार या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकू लागला. हे कॉर्विझार पुढे नेपोलियनचे डॉक्टर झाले. दोनच वर्षांत रेनेने वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिलं बक्षीस मिळवलं. पण टीबीने पाठ सोडली नाही. १८१० साली भाऊ मिशो टीबीने गेला. १८१६ च्या मे महिन्यात जिवलग मित्र आणि स्वतः टीबीचा अभ्यासक असलेला डॉक्टर बेल, तोही टीबीनेच गेला.

मला वाटतं, लेनेक यांचं काम समजून घ्यायचं तर ही यादी डोळ्यांसमोर ठेवायला हवी. छातीच्या आत नेमकं काय चाललंय हे माणूस जिवंत असतानाच कळावं, ही त्यांच्यासाठी फक्त अभ्यासाची गोष्ट उरली नव्हती.

पहिला सिग्नल: टकटक

माठ घेताना आपण काय करतो? बोटाने टिचकी मारून वाजवून बघतो. नारळ, कलिंगड, सगळं असंच पारखतो. आत भरीव आहे की पोकळ, हे आवाज सांगतो.

हीच युक्ती ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर या डॉक्टरांनी १७६१ साली छातीवर वापरली. छातीवर बोटांनी ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. खाली हवा असेल तर घुमतो, पाणी किंवा घट्ट काही असेल तर बद्द येतो. बरीच वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी कॉर्विझार यांनी १८०८ साली ते पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं. म्हणजे लेनेक यांना ही विद्या थेट गुरूंकडून मिळाली. आजही डॉक्टर छातीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक करतात, ती याच विद्येची पुढची पिढी.

पण या सिग्नलमध्ये एक घोळ आहे. समजा, एका बाजूचं फुफ्फुस आकसलंय आणि तिथे मोकळी हवा भरलीय. तिथे ठोकलं तर आवाज येणार जास्त घुमणारा. दुसरी, धडधाकट बाजू त्या मानाने बद्द वाजणार. फक्त टकटकीवर विसंबलं तर चांगली बाजूच आजारी वाटू शकते. म्हणजे एका सिग्नलवर निर्णय घेणं धोक्याचं. दुसरा सिग्नल हवा होता.

दुसरा सिग्नल: कागदाची सुरळी

१८१६ सालीच लेनेक पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. तिथल्या दिवसांत हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण बाई त्यांच्याकडे आली. अंगाने स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना. थेट छातीला कान लावून ऐकण्याची पद्धत जुनी होती, पण तरुण स्त्रीच्या बाबतीत ते प्रशस्त वाटेना.

तेव्हा त्यांना ध्वनीची एक साधी गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने ओरखडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो आवाज स्वच्छ ऐकू येतो. त्यांनी जवळचे कागद घेतले, घट्ट सुरळी केली, एक टोक बाईंच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. हृदयाचे ठोके नुसत्या कानाने ऐकू यायचे त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू आले.

पुढे त्यांनी जे केलं ते मला जास्त आवडतं. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोटोटाइपिंग. काच, धातू, लाकूड, वेत असे वेगवेगळे पदार्थ वापरून बघितले. भरीव बरं की पोकळ, हे तपासलं. शेवटी फूटभर लांबीची, मध्ये आरपार भोक असलेली लाकडी नळी ठरली. लेनेक बासरी वाजवायचे आणि लाकूडकामातही त्यांचा हात बसलेला होता. लेथवर ते स्वतः या नळ्या घडवायचे. नाव दिलं स्टेथोस्कोप. ग्रीक भाषेत स्टेथोस म्हणजे छाती आणि स्कोपिन म्हणजे बघणं. दोन्ही कानांत घालायचा, रबरी नळ्यांचा स्टेथोस्कोप आला तो १८५० नंतर.

आता नुसतं गॅजेट असून काय उपयोग? त्यातून येणाऱ्या आवाजाचा अर्थ लावायला हवा. लेनेक यांनी नेमकं तेच केलं. वॉर्डात रुग्णाची छाती ऐकायची, नोंद ठेवायची आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात त्या जागी खरंच काय होतं ते बघायचं. असा आवाज म्हणजे आत असं बिघडलंय, असा एकेक धागा ते जुळवत गेले. आज आपण एखाद्या अॅपला हजारो नमुने दाखवून शिकवतो. त्यांनी आपल्या कानाला शिकवलं.

अवघ्या तीन वर्षांत, १८१९ साली, याचा दोन खंडांचा ग्रंथ बाहेर आला.

दोन सिग्नल एकत्र आले आणि न्यूमोथोरॅक्स सापडला

न्यूमोथोरॅक्स हा शब्द लेनेक यांचा नाही. तो १८०३ साली इतार या फ्रेंच डॉक्टरांनी वापरला. पण तेव्हा छातीतली ही मोकळी हवा प्रामुख्याने कळायची ती मृत्यूनंतर. जिवंत रुग्णात ती ओळखण्याची पक्की रीत लेनेक यांच्या ग्रंथाने दिली.

रीत इतकी सोपी आहे की तुम्हालाही लगेच समजेल. छातीची एक बाजू ठोकली तर डब्यासारखी घुमते, म्हणजे तिथे हवा आहे. पण त्याच जागी नळी लावली तर श्वासाचा आवाज येत नाही, म्हणजे ती हवा ये-जा करत नाहीये. हवा आहे आणि श्वास नाही. याचा अर्थ एकच, हवा फुफ्फुसाच्या बाहेर आहे.

बँकेचं अॅप पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही मागतं ना? तसंच. एकट्या सिग्नलला फसण्याची शक्यता असते, दोन्ही जुळले की खात्री.

याच रीतीने जवळचा दुसरा आजारही वेगळा काढता येतो. श्वासनलिकेची एखादी फांदी कफाने किंवा गाठीने बंद झाली तर पुढच्या भागातली हवा शोषली जाते आणि तो भाग आकसतो. याला अॅटलेक्टॅसिस म्हणतात. लोक त्यालाही फुफ्फुस कोलॅप्स झालं असंच म्हणतात. श्वासाचा आवाज तिथेही कमी असतो, पण ठोकलं तर घुमत नाही, बद्द वाजतं. दोन्हींचे उपचार वेगळे, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा.

हवा शिरते कुठून?

लेनेक यांच्या काळात मुख्य कारण होतं टीबी. फुफ्फुसात टीबीने पोकळी व्हायची, ती फुटली की हवा बाहेर. आपल्या देशात टीबी हे कारण आजही संपलेलं नाही. बाकीची कारणं अशी:

• आपोआप होणारा, तरुणांचा प्रकार. फुफ्फुसाच्या टोकाला हवेचे छोटे फुगे असतात आणि त्यातला एखादा फुटतो. उंच आणि सडपातळ मुलांमध्ये हे जास्त दिसतं. सिगारेटने धोका कित्येक पटींनी वाढतो. गांजाचा धूरही फुफ्फुसाला सोडत नाही. यासाठी जड उचलावं, धावावं लागतं असंही नाही. सोफ्यावर बसून रील बघताना होऊ शकतो.
• आधीच्या आजारातून होणारा. टीबी, सीओपीडी, न्यूमोनिया, कधी दमा.
• मार लागून होणारा. बाइक अपघातात मोडलेली बरगडी फुफ्फुसात घुसणं, भोसकल्याची जखम.
• उपचारांदरम्यान होणारा. छातीजवळ सुई घालताना किंवा व्हेंटिलेटरच्या दाबामुळे.

लक्षणं लक्षात ठेवा. अचानक एका बाजूला छातीत टोचल्यासारखं दुखणं, दीर्घ श्वास घेताना ते वाढणं, दम लागणं, कधी कोरडा खोकला. काहींचं दुखणं एक-दोन दिवसांत कमी होतं आणि मग गॅस असेल, मसल खेचला असेल म्हणून ते घरी बसतात. इथेच फसगत होते.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे टेन्शन न्यूमोथोरॅक्स. नावातल्या टेन्शनचा अर्थ काळजी असा नाही, वाढता दाब असा आहे. छिद्र सायकलच्या व्हॉल्व्हसारखं वागतं, प्रत्येक श्वासाला हवा आत जाते, बाहेर येत नाही. दाब वाढत जातो, हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, त्याच्याकडे परतणारं रक्त कमी होतं, बीपी कोसळतो. इथे डॉक्टर एक्स-रेची वाट बघत बसत नाहीत. लक्षणं बघून, छाती ऐकून, सरळ सुई घालून हवा बाहेर काढतात. त्या दोन मिनिटांत लेनेक यांचीच विद्या कामाला येते.

आज उपचार काय आहेत?

लेनेक यांच्याकडे निदान होतं, पण हातात उपचार फारसे नव्हते. आज चित्र वेगळं आहे.

हवा थोडी असेल आणि रुग्णाला फार त्रास नसेल तर नुसती देखरेख पुरते. शरीर ती हवा हळूहळू शोषून घेतं, दिवसाला साधारण एक-दोन टक्के या वेगाने. ठरावीक दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. २०२० साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला ३१६ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम ते मोठा न्यूमोथोरॅक्स झालेल्या, पण एरवी निरोगी लोकांवर आधी वाट बघण्याचा मार्ग वापरला, तेव्हा दर शंभरात साधारण ८५ जणांना नळी घालावीच लागली नाही. पण थांबायचं की नाही हे तपासून डॉक्टरच ठरवतात, आपण नाही.

त्रास जास्त असेल तर सुई आणि सिरिंजने हवा ओढून घेतात, किंवा बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडतात. नळीचं टोक पाण्याखाली असतं. छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, पण पाण्यामुळे परत आत जाऊ शकत नाही. किती साधं इंजिनिअरिंग! तुमचा कोणी नातेवाईक असा अॅडमिट असेल तर बाटली कायम छातीच्या खालच्या पातळीवर ठेवा आणि नळी स्वतःहून चिमटू नका.

एकदा झालेला न्यूमोथोरॅक्स साधारण तीनपैकी एका रुग्णात पुन्हा होतो. वारंवार झाला किंवा हवा गळायची थांबली नाही, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून ते फुगे काढतात आणि दोन्ही आवरणं एकमेकांना चिकटतील अशी व्यवस्था करतात.

बरं झाल्यावर सिगारेट कायमची बंद. विमानप्रवास डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. आणि तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा बेत असेल तर फुफ्फुसांच्या डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय तो विसराच. पाण्यातून वर येताना दाब झपाट्याने बदलतो.

शेवटची वर्षं

ग्रंथ आला तेव्हा लेनेक ३८ वर्षांचे होते आणि थकले होते. त्याच वर्षी तब्येतीसाठी पॅरिस सोडून ते ब्रिटनीला, आपल्या गावाकडच्या घरी गेले. दोनेक वर्षांनी परतले, १८२२ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. परदेशातून डॉक्टर त्यांच्याकडे ऐकायला शिकायला येत. ब्रूसे नावाचे गाजलेले डॉक्टर त्यांच्यावर सडकून टीका करत, तीही चालूच होती. १८२४ मध्ये लग्न केलं. आणि खोकला वाढत चालला असतानाही ग्रंथाची दुसरी, जवळपास नव्याने लिहिलेली आवृत्ती त्यांनी १८२६ मध्ये पूर्ण केली.

त्यानंतर त्यांनी आपल्या नात्यातल्या मेरियादेकला स्टेथोस्कोपने स्वतःची छाती ऐकायला सांगितलं. तोही डॉक्टर होता. त्याने जे ऐकलं त्याचं वर्णन केलं आणि लेनेक यांना दुसऱ्या कोणाला विचारायची गरज उरली नाही. तो आवाज कशाचा, हे जगात सगळ्यात आधी त्यांनीच लिहून ठेवलं होतं. टीबी.

१३ ऑगस्ट १८२६ रोजी ब्रिटनीतल्या केरलुआर्नेक इथल्या घरी त्यांचं निधन झालं. आपला स्टेथोस्कोप त्यांनी मेरियादेकच्या नावे ठेवला.

टीबीचा जंतू सापडायला अजून ५६ वर्षं होती, औषध यायला त्याहून जास्त. मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. इटलीच्या फोर्लानिनी या डॉक्टरांनी टीबीच्या रुग्णांच्या छातीत मुद्दाम हवा भरायला सुरुवात केली. फुफ्फुस आकसलं की त्याला विश्रांती मिळते आणि टीबीची पोकळी मिटते, ही त्यामागची कल्पना. लेनेक यांनी आजार म्हणून ओळखलेली गोष्ट टीबीवरचा उपचार म्हणून जगभर वापरली गेली. स्ट्रेप्टोमायसिन आणि पुढची औषधं आल्यावर ती पद्धत मागे पडली.

मग आपला स्मार्टफोन यात काय करू शकतो?

थोडं आणि बरंच, दोन्ही. आज फोनला जोडता येणारे डिजिटल स्टेथोस्कोप मिळतात. खिशात मावणारी सोनोग्राफीची प्रोबही फोनला जोडता येते. फुफ्फुस छातीच्या भिंतीवर सरकताना तिच्यात दिसतं आणि ते सरकणं दिसेनासं झालं की डॉक्टरांना न्यूमोथोरॅक्सची शंका येते. इथेही हवा पकडायला आवाजच वापरलाय, फक्त आपल्या कानाला ऐकू न येणारा.

पण ही सगळी साधनं डॉक्टरांच्या हातातली आहेत. फोनचा माइक छातीला लावून घरी निदान होत नाही. स्मार्टवॉचवर ऑक्सिजन ९८ दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका, लहान न्यूमोथोरॅक्समध्ये तो आकडा नॉर्मल असू शकतो. एकच आकडा म्हणजे एकच सिग्नल, आणि एका सिग्नलवर विसंबलं की काय होतं ते वर वाचलंच आहे.

तेव्हा एका बाजूला अचानक छातीत दुखून दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम वाढत असेल, ओठ निळसर पडत असतील, चक्कर येत असेल, तर सर्च करत बसू नका. फोनचा सगळ्यात उपयोगी उपयोग त्या वेळी एकच, १०८ डायल करणं.

आणि तो उंच, सडपातळ, सिगारेट ओढणारा मित्र आठवला असेल, तर हे त्याला आजच वाचायला द्या.